निरोपाचा कार्यक्रम, चौथा

रांगेत पुढचा पोरगा मागं वळून म्हणाला,
"काका, ऑर्केस्ट्रा नाही हां, रॉक आहे."
मी नुसती मान हलवली.
लाल सिग्नल बँड मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा
ह्याचा बाप हाफ चड्डीत असेल.
रेल्वेचा हॉल, नाताळच्या आदल्या आठवड्यातला,
डेव्हिड साळवेचा ड्रम सुतळीनं बांधलेला,
इम्तियाजच्या गिटारला चारच तारा शाबूत,
आणि मी रात्रपाळी बुडवून, केसांत सूत तसंच.

ते इंग्रजीत काय गात होते, देव जाणे.
आजही सांगता येणार नाही.
घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारी कानडी,
चौथी भाषा पायातनं वर आली.

तिकीट तीनशे.
"दोन किलो शेंगदाणे आले असते," पद्मा म्हणाली.
बोर्डावर मोठ्या अक्षरात: निरोपाचा कार्यक्रम.
मागच्या तिन्ही वेळी पण हाच निरोप होता.

छत्तीस वर्षं टॉवेलचे माग चालवले मी.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली,
आधी सपाट, मग एकदम विहिरीत उडी.
"वरचे आवाज गेलेत, खालचे आहेत अजून."

वरचे म्हणजे कुकरची शिट्टी,
चिमण्या, फोनची घंटी,
पद्माचं हळू बोलणं
(मोठ्यानं बोललेलं तर मी आधीही ऐकत नव्हतो).
नात "ताता" म्हणून हाक मारते,
माझ्यापर्यंत "आआ" एवढंच पोचतं.

आणि खालचे म्हणजे हे:
पार्क मैदानावर दिवे गेले,
पहिला ठोका पडला,
चपलेच्या रबरातनं, पोटरीतनं, बरगडीत आला,
खिशातली नाणी हलली.

जोसेफ रणपिसे आता स्टुलावर बसून गातो,
चष्मा लावून, कागद समोर धरून.
"आवाज फाटलाय राव," मागं कोणीतरी ओरडलं असावं,
पोरगा माझ्या कानाशी येऊन सांगत होता.
असेल फाटलेला.
मला बाणा ऐकू येत नाही, ताणा येतो.

पाचव्या गाण्यात मला कळलं,
लोकांच्या आधी, बहुतेक जोसेफच्याही आधी.
धोटा अडकायच्या आधी माग असाच बोलतो:
एक ठोका केसभर उशिरा,
मग दुसरा, त्याला सांभाळून घ्यायला लवकर.
डेव्हिडच्या उजव्या मनगटावर पट्टा.
तो हसत होता.
मागवाला पण हसतो, मालक आला की.

गाणं संपलं, त्याचा मुलगा ड्रमवर बसला.
काय वाजवलं पोरानं!
नवा माग, तेल घातलेला, एक तार तुटली नाही.
सगळे उभे राहिले, मोबाईल वर.
मी खाली बसून शेंगा सोलल्या.
शेंगा चांगल्या होत्या.

शेवटच्या गाण्याला डेव्हिड परत आला,
एकाच हातानं वाजवायला.
मधले ठोके नव्हतेच, नुसत्या जागा.
त्या कुठं पडतात ते मला पाठ,
टाचेनं भरत गेलो मी एकेक,
खडी उडत होती.
पोरगा माझ्या पायाकडं बघत होता, मग त्यानंही सुरू केलं.
चुकत होता बेणं. पण करत होता.

परत येताना रिक्षा नाही मिळाली.
अशोक चौकापुढं दोन-तीन कारखाने चालू होते,
भिंतींना हात लावत आलो,
रात्रपाळीत कोण आहे ते अजून कळतं.

दार पद्मानं उघडलं. ओठ हलले.
कसं झालं, असंच विचारलं असणार.
"लई भारी!" मी म्हणालो,
आणि समोरच्या येमूलांच्या घरात दिवा लागला,
गल्लीतलं कुत्रं उठून बसलं,
पद्मानं माझ्या तोंडावर हात ठेवला.
तिचा तळवा थरथरत होता,
हसत होती का रागावली होती,
अंधारात दिसलं नाही.